काटापावतीचं मॉडेल आणि त्याच्या टेस्ट

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं खरेदीचं सॉफ्टवेअर जँगोवर, म्हणजे पायथन भाषेत वेबचे प्रोग्राम बांधायच्या तयार चौकटीवर चालतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या आजूबाजूच्या गावांतला कापूस आमच्याकडे येतो. बोंडं फुटली, वावरात सीतादही (वेचणीआधीची पूजा) झाली की वेचणी सुरू होते आणि मग उन्हाळा लागेपर्यंत काट्याला उसंत नसते. भरलेल्या गाडीचं वजन, माल उतरवल्यावर रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, भाव, कपात, हमाली आणि शेवटी शेतकऱ्याच्या खात्यात चुकारा. या सगळ्याचे नियम मॉडेल्सच्या एका फाईलमध्ये आहेत. हंगाम संपल्यावर ती फाईल माझ्याकडे आली. कोड जँगो १.११ वर लिहिलेला, म्हणजे २०१७ च्या आवृत्तीचा. टेस्ट, म्हणजे कोड बरोबर उत्तर देतो का हे आपोआप तपासणारा कोड, म्हणाल तर नवीन ॲप तयार करताना जँगो जी रिकामी फाईल टाकून देतं तेवढीच.

मॉडेल म्हणजे टेबलाचं वर्णन, असं समजून बरेच जण पुढे जातात. आमच्याकडे त्यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी वर्षभराच्या पैशाबद्दल बोलते. म्हणून कोडला हात लावण्याआधी टेस्ट लिहायच्या हे मी पक्कं केलं. दुसरं असं पक्कं केलं की टेस्टमधलं अपेक्षित उत्तर कोड चालवून काढायचं नाही. कोडनं काढलेला आकडा कोडलाच परत दाखवला तर टेस्ट हिरवी, म्हणजे पास होते, पण शेतकऱ्याचे पैसे बरोबर आले का हे त्यातून कळत नाही. उत्तरं घ्यायची ती जुन्या पावतीपुस्तकांतून. सॉफ्टवेअर येण्याआधी हिशेब पाहणारे भाऊ कार्बन लावून हातानं पावत्या करायचे, ती पुस्तकं गोदामातल्या लोखंडी पेटीत नीट ठेवलेली होती. त्यांतल्या वेगवेगळ्या तऱ्हेच्या पावत्या निवडल्या, नावं बदलली, आणि प्रत्येक पावतीची एक टेस्ट केली.

पहिलं काम टेस्ट कुठल्या डेटाबेसवर चालतील ते बघण्याचं. कार्यालयातल्या सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस, पण कोड लिहितानाच्या सेटिंगमध्ये एसक्यूलाइट हा दुसरा, हलका. एसक्यूलाइटवर टेस्ट झरझर होतात, कारण जँगो तिथं टेस्टचा डेटाबेस मेमरीतच बनवतं. पण मॉडेलची टेस्ट घ्यायची तर ही सोय महागात पडते. एसक्यूलाइट मजकुराच्या लांबीची मर्यादा पाळत नाही. तीस अक्षरांच्या रकान्यात साठ अक्षरं टाकली तरी मुकाट्यानं घेतं, पोस्टग्रेस मात्र तिथंच अडवतं. देवनागरीत ही गोष्ट जास्त जाणवते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, पण युनिकोडच्या हिशेबात ते दहा आहे, आणि पोस्टग्रेस हे दहा मोजतं. शेतकऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव एकत्र लिहिलं की पन्नासाची मर्यादा सहज संपते. शिवाय एसक्यूलाइटकडे खरा दशांश प्रकार नाही, आत सगळं तरंगत्या बिंदूचं (फ्लोट), म्हणजे किंचित अंदाजे होऊन बसतं. वजन आणि पैसे सांभाळणाऱ्या मॉडेलला ते चालणार नाही. म्हणून टेस्टसुद्धा पोस्टग्रेसवर नेल्या. जँगो त्यासाठी नावापुढे ‘टेस्ट’ जोडून वेगळा डेटाबेस बनवतं आणि काम झालं की पाडतं. जँगो ज्या युजरच्या नावानं पोस्टग्रेसला जोडतं त्याला डेटाबेस बनवायची परवानगी द्यावी लागते, आणि ‘कीपडीबी’चा पर्याय दिला की दरवेळी नव्यानं बनवण्यातला वेळ वाचतो.

मग वजनं. जुन्या कोडमध्ये वजन आणि रक्कम दोन्ही फ्लोट होती. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर उत्तर ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि शेवटी ४ असं येतं, कारण हे अपूर्णांक संगणकाच्या शून्य-एकच्या पद्धतीत नेमके बसत नाहीत. एका पावतीत ते दिसत नाही. हंगामाच्या शेवटी गावनिहाय बेरीज करताना पैशापैशाचा फरक राहतो आणि हिशेबाचे भाऊ रात्री उशिरापर्यंत तो शोधत बसतात. म्हणून डेसिमल, म्हणजे दशांश नेमके ठेवणारा प्रकार. क्विंटलला दोन दशांश, कारण काट्यावर किलो येतात आणि शंभर किलोंचा क्विंटल.

डेसिमल केल्यावर खरा प्रश्न पुढे आला, तो रुपयात पूर्ण करण्याचा. टेस्टसाठी भाव म्हणून मी लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा हमीभाव घेतला, क्विंटलला ७,५२१ रुपये, कारण तो कुणालाही ताडून पाहता येतो. साडेबारा क्विंटल कापसाचे होतात ९४,०१२ रुपये ५० पैसे. पायथनचं डेसिमल नेमका अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जातं, म्हणजे ९४,०१२. पोस्टग्रेस तेच गणित ९४,०१३ करतं. भाऊंच्या जुन्या पावत्यांत पन्नास पैशांना कायम पुढचा रुपया. मी त्यांना विचारलं, “भाऊ, हे कुठं लिहून ठेवलंय का?” ते म्हणाले, “लिहायचं काय ताई त्यात? पन्नास पैसे शेतकऱ्याच्या बाजूनं जातेत. पहिल्यापासून असंच आहे.” हा नियम आता मॉडेलमध्ये लिहिलेला आहे, पूर्ण करण्याची पद्धत नाव घेऊन सांगितली आहे, आणि साडेबारा क्विंटलची ती पावती टेस्टमध्ये आहे.

ओलाव्याच्या कपातीतही असंच. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव, त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात, बाराच्या वर माल घेत नाहीत. आमच्याकडेही तोच नियम धरतो. दहा टक्के ओलावा निघाला तर दोन टक्के कपात. पण ही कपात भावावर करून भाव आधी पूर्ण रुपयात आणायचा, की सगळं गणित करून शेवटी एकदाच पूर्ण करायचं? भाव ७,३७०.५८ येतो. तो आधीच ७,३७१ केला तर साडेबारा क्विंटलचे ९२,१३७.५० होतात. न करता ९२,१३२.२५. सव्वापाच रुपयांचा फरक, आणि जुन्या कोडमध्ये एका ठिकाणी पहिली रीत होती, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. छापील पावती आणि बँकेची यादी जुळत नव्हती ती यामुळं. संचालकांच्या बैठकीत विषय ठेवला, शेवटी एकदाच पूर्ण करायचं असं ठरलं, आणि त्या ठरावाची तारीख टेस्टच्या वर्णनात लिहिली. आठ, दहा, बारा आणि बारा पूर्णांक एक दशांश अशा चारही टोकांच्या टेस्ट आहेत.

भावाची आणखी एक गोष्ट इथंच सांगते. पावतीवर भाव साठवलेलाच नव्हता. पावती भावाच्या तक्त्याकडे बोट दाखवायची आणि रक्कम दरवेळी तिथून काढली जायची. तक्त्यात कुणी दुरुस्ती केली की जुन्या पावत्यांची रक्कम आपोआप बदलणार. ज्या दिवशी माल आला त्या दिवशीचा भाव हा त्या पावतीचा भाग आहे, तो पावतीवरच राहिला पाहिजे. नवा रकाना घालताना तीन पायऱ्या केल्या: आधी रिकामा चालेल असा रकाना, मग जुन्या पावत्यांत भाव भरणारं डेटा मायग्रेशन (डेटाबेसमधला बदल लिहून ठेवलेली जँगोची फाईल), आणि सगळे भरले याची खात्री झाल्यावर रिकामा चालणार नाही असा बदल. टेस्ट छोटी आहे. पावती करा, तक्त्यातला भाव बदला, पावती पुन्हा डेटाबेसमधून वाचा, रक्कम तीच हवी.

वजनांवर डेटाबेसचंच बंधन घालायचं होतं. बरेच जण मॉडेलमध्ये व्हॅलिडेशन (माहिती बरोबर आहे का याची तपासणी) लिहितात आणि निर्धास्त होतात, पण जँगोत सेव्ह करताना ते व्हॅलिडेशन आपोआप चालत नाही. फॉर्ममधून आलं तर चालतं, स्क्रिप्टमधून किंवा एकगठ्ठा भरलं तर नाही. म्हणून चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे डेटाबेस स्वतः पाळतो असा नियम. जँगोत तो २.२ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे, म्हणून हा भाग आवृत्ती वाढवल्यावरच लावला. भरलेलं वजन रिकाम्यापेक्षा जास्त हवं, आणि रिकामं वजन शून्यापेक्षा जास्त हवं, असे दोन नियम माझ्या डोक्यात होते. आधी जुन्या नोंदींवर शोध चालवला, कारण नियम मोडणारी एक जरी ओळ टेबलात असली तरी पोस्टग्रेस बंधन लावू देत नाही. रिकामं वजन शून्य असलेल्या बऱ्याच पावत्या निघाल्या. यादी छापून काट्यावर गेले.

मापारी काकांनी चष्मा लावून दोन पानं पाहिली. “हे चुकलेलं नाई बाई. हे डोक्यावरची गाठोडी आहेत. बाया मजुरीच्या बदल्यात कापूस घेतेत, थोडा थोडा जमवतेत अन् आणून देतेत. तो लहान काट्यावर मोजतो आपण. बंडीच नाई तं रिकामं वजन कायचं?”

म्हणजे माझा दुसरा नियम लावला असता तर ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचाच माल सॉफ्टवेअरनं नाकारला असता. पावतीला काट्याचा प्रकार असा एक रकाना घातला. मोठ्या काट्याच्या पावतीला रिकामं वजन सक्तीचं, लहान काट्याच्या पावतीला शून्य. दोन्हीच्या टेस्ट आहेत, घेतलं जायला हवं त्याची आणि नाकारलं जायला हवं त्याची. नाकारलं जायची टेस्ट लिहिताना एक ध्यानात ठेवावं लागतं. जँगोची नेहमीची टेस्ट एका ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा कामांच्या गटाच्या) आत चालते आणि शेवटी ती मागे घेतली जाते, म्हणून टेस्ट झटपट होतात. पण बंधन मोडलं की पोस्टग्रेस ते ट्रान्झॅक्शन निकामी करतं आणि पुढची प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, अडते. म्हणून चुकीची नोंद करणारी ओळ वेगळ्या ‘ॲटॉमिक’ गटात ठेवायची. तेवढं केलं की बाकीची टेस्ट सुरळीत चालते.

वेळेचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते टेस्टशिवाय कुणाच्या लक्षातच येत नाही. जँगो वेळ यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत साठवतं. आपली वेळ साडेपाच तास पुढं. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी झालेलं वजन यूटीसीत आदल्या तारखेचं असतं. दिवाळीनंतर आवक वाढली की गाड्या रात्रीपासून रांगेत असतात आणि काटा पहाटे चारलाच सुरू होतो. जुना कोड साठवलेल्या वेळेतून थेट तारीख काढायचा, त्यामुळं पहाटेच्या गाड्यांना आदल्या दिवशीचा भाव लागायचा. भाव चढता असेल तर शेतकऱ्याचं नुकसान, उतरता असेल तर कंपनीचं. टेस्टमध्ये पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांची पावती केली, दोन दिवसांचे दोन भाव ठेवले, आणि त्या दिवसाचाच भाव लागतो का ते तपासलं. जुन्या कोडवर ती टेस्ट लाल झाली. तारीख भारतीय वेळेत आणून मग काढली तेव्हा हिरवी.

आता नावं. आमच्या भागात बोऱ्हाडे, वऱ्हाडे, कऱ्हाळे अशी आडनावं घरोघरी. ऱ्ह मधला हा अर्धा र संगणकावर दोन तीन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत नुक्ता (खालचा ठिपका) असलेलं र हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत (पाय मोडायची खूण). दुसरीत साधं र, त्याला वेगळा नुक्ता, मग हलंत. तिसरीत साधं र, हलंत आणि त्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. डेटाबेसला ती तीन वेगळी नावं वाटतात, आणि एकच शेतकरी यादीत तीनदा येतो. पहिल्या दोन रीती युनिकोडच्या एनएफसी या ठरलेल्या एका रूपात आणल्या की एक होतात. तिसरी होत नाही, तिच्यासाठी बदली आपणच लिहावी लागते. गट क्रमांकांचंही तसंच. कुणी ४५/२ देवनागरी अंकांत लिहिलं, कुणी इंग्रजी. पायथन देवनागरी अंकांचं गणित बरोबर करतं, पण गट क्रमांक हा मजकूर आहे, त्यामुळं त्यालाही एका रूपात आणावं लागलं.

ही साफसफाई कुठं ठेवायची यावर मी बराच विचार केला. मॉडेलच्या सेव्हमध्ये ठेवली तर एकगठ्ठा भरताना आणि थेट अपडेट करताना ती टळते, कारण तेव्हा जँगो सेव्ह बोलावतच नाही. आमची सभासदांची यादी तर दरवर्षी एक्सेलमधून एकगठ्ठाच येते. म्हणून स्वतःचं फील्ड (रकान्याचा प्रकार) बनवलं आणि मूल्य डेटाबेसकडे जाण्याआधी तयार होतं त्या पद्धतीत साफसफाई घातली. शोधताना दिलेलं नावही त्याच वाटेनं जातं, त्यामुळं काउंटरवर कुणी कुठल्याही रीतीनं आडनाव टाइप केलं तरी माणूस सापडतो. या टेस्टमध्ये आडनावं अक्षरांनी लिहिलेली नाहीत, युनिकोडच्या क्रमांकांनी लिहिली आहेत. नुसतं वाचून फरक दिसत नसेल तर सहा महिन्यांनी कुणीतरी एडिटरमध्ये तिन्ही सारखी करून टाकेल.

दुबार शेतकरी एकत्र करणं हे मात्र एकट्या कोडचं काम नव्हतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव सगळं सारखं असलेली दोन खरी माणसं आमच्या यादीत आहेत. भाऊ आणि काका दोघांना बसवून यादी वाचली. “हा अन् हा एकच.” “हा नाई जी, हा धाकट्या घरचा आहे. थोरला वारला.” वारलेल्या माणसाच्या नोंदीवरून पुढचा विषय निघाला. पावती आणि शेतकरी यांच्या नात्यात जुन्या जँगोत ‘ऑन डिलीट’ लिहायची सक्ती नव्हती, न लिहिल्यास शेतकऱ्याची नोंद पुसली की त्याच्या सगळ्या पावत्याही पुसल्या जायच्या. २.० पासून ते लिहावंच लागतं. मी तिथं ‘प्रोटेक्ट’ लिहिलं. ज्याच्या नावावर एक तरी पावती आहे त्याची नोंद पुसताच येणार नाही, आणि पुसायचा प्रयत्न केला तर जँगो अडवतं याची टेस्ट आहे. माणूस गेला तरी त्यानं विकलेला कापूस त्याच्याच नावावर राहतो, वारसाची नोंद वेगळी होते.

एकत्र करण्याचं मायग्रेशन आधी रोजच्या वापरातल्या डेटाबेसच्या प्रतीवर चालवलं. प्रत लॅपटॉपवर आणण्याआधी फोन नंबर आणि बँक खाती पुसून टाकली, त्यात तडजोड नको. चालवण्याआधी आणि नंतर गावनिहाय एकूण वजन आणि एकूण चुकारा ताडून पाहिला. शेतकऱ्यांची संख्या कमी व्हायला हवी, बाकी एकही बेरीज हलता कामा नये.

आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळं मायग्रेशन अर्ध्यात थांबलं तर काय, ही धास्ती सगळ्यांनाच होती. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणंसुद्धा ट्रान्झॅक्शनमध्ये होतं आणि जँगो प्रत्येक मायग्रेशन तसंच चालवतं. मधेच बंद पडलं तर त्या मायग्रेशनपुरतं सगळं पूर्वीसारखं होतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर अशी हमी नाही. खेड्यात सर्व्हर ठेवणाऱ्यानं डेटाबेस निवडताना हा मुद्दा आधी बघावा असं माझं मत आहे. तरी इन्व्हर्टर चार्ज करून, बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेऊनच बसलो.

टेस्टचं असं जाळं तयार झाल्यावर जँगोची आवृत्ती वाढवणं बरंच सोपं गेलं. १.११ वरून २.२, तिथून ३.२, मग ४.२. या सगळ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या. दर टप्प्यावर टेस्ट लाल व्हायच्या, सूचना वाचून दुरुस्त करायच्या, पुढं जायचं. कोड जमा करताना मायग्रेशन बनवायचं राहिलं तर अडवणारी तपासणीही लावली आहे. रोजच्या आवक रजिस्टरला किती क्वेरी लागतात तेही टेस्टमध्ये बांधून टाकलं, कारण आधी प्रत्येक पावतीमागे शेतकऱ्याचं नाव आणायला एक वेगळी क्वेरी जायची आणि जानेवारीत ते पान उघडेपर्यंत रांगेतली माणसं ताटकळायची.

प्रत्येक टेस्टखाली मी मराठीत एक ओळ लिहिली आहे. तपशिलासह टेस्ट चालवल्या की त्या ओळी पडद्यावर उमटतात. ‘पन्नास पैशांना पुढचा रुपया.’ ‘डोक्यावरच्या गाठोडीला रिकामं वजन नसतं.’ ‘पहाटेच्या गाडीला त्याच दिवसाचा भाव.’ ती यादी छापून भाऊंना दिली. त्यांनी पेनानं एकेका ओळीपुढं खूण केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक भर घातली: उचल घेतलेला शेतकरी सामाईक सातबाऱ्यावरचा असेल तर उचल कुणाच्या चुकाऱ्यातून कापायची? ज्यानं घेतली त्याच्या, की सगळ्या हिस्सेदारांच्या? जुना कोड ज्याच्या नावाची पावती आधी होईल त्याच्या चुकाऱ्यातून कापतो, आणि भाऊंच्या म्हणण्यानुसार यावरून भावाभावांत वाद झालेले आहेत.

मी त्याची टेस्ट लिहून ठेवली आहे, ज्यानं उचल घेतली त्याच्याच चुकाऱ्यातून कपात, अशी. ती सध्या ‘अपेक्षित अपयश’ म्हणून खूण केलेली आहे. दसऱ्याच्या आधी सभासदांची सभा आहे, विषयपत्रिकेत हा प्रश्न घ्यायला सांगितलंय.